फोटो पाठवा, पण पत्त्यासकट

आनंदीबाई जोशींचा तो फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन परदेशी विद्यार्थिनी: साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेली जपानची केई ओकामी आणि तिकडच्या पारंपरिक पोशाखातली सीरियाची सबत इस्लामबुली. महिला दिन आला की हा फोटो घरोघरच्या फोनवर येतो. सोबतचा मजकूर दर वेळी निराळा असतो. कधी तो पदवीदान समारंभातला असतो, कधी तिघी एकाच दिवशी डॉक्टर झालेल्या असतात, कधी नुसतंच ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’.

खरी हकिकत शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, कॉलेजातल्या एका स्वागतसमारंभाच्या दिवशी काढलेला. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती पुढच्या वर्षी, मार्च १८८६ मध्ये. ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. त्या कॉलेजाचे कागदपत्र आज फिलाडेल्फियातल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात आहेत आणि हा फोटोही तिथेच आहे. पण आपल्या फोनवर येईपर्यंत तारीख गळलेली असते, संग्रहाचं नाव गळलेलं असतं आणि कोपऱ्यात कुठल्यातरी भलत्याच पानाचा शिक्का बसलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुने फोटो शोधा, बघा, हवे तेवढे पाठवा, पण त्यांच्याबरोबर त्यांचा पत्ता पाठवा. कोणी काढला, केव्हा काढला, कुठे काढला आणि मूळ प्रत आज कोणाच्या संग्रहात आहे. चारही गोष्टी एका ओळीत मावतात. वर्तमानपत्रात तिला फोटोओळ म्हणतात. उपसंपादकाकडून ती चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. फोनवर आपण सगळेच उपसंपादक झालो आहोत, खुलासा मात्र कोणी छापत नाही.

आधी कुठे शोधायचं ते बघू. गुगलवर नाव टाकून येणारी चित्रं ही सुरुवात म्हणून ठीक. तिथे मिळते ती बहुतेकदा नकलेची नक्कल असते, कडा कापलेली आणि डोळे-नाक पुसट झालेली. तोच फोटो ज्या संग्रहालयाकडे आहे त्याच्या साइटवर गेलात तर किती तरी पट मोठा, स्वच्छ आणि माहितीसकट मिळतो. फाइल मोठी असेल तर दुकानावरच्या पाट्या वाचता येतात, पागोट्याचे पेच मोजता येतात. हा आनंद एकदा मिळाला की व्हॉट्सअॅपवरची चिठ्ठीएवढी आवृत्ती पुन्हा बघवत नाही.

आपल्याकडचा साठा किती जुना आहे याची अनेकांना कल्पना नसते. फोटोग्राफीची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ मध्ये. पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले जाणते फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण यांचा तर मुंबईत धंद्याचा स्टुडिओ होता. ही नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात नाहीत. त्यांच्या पिढीने काढलेले फोटो लंडन, दिल्ली आणि थेट अमेरिकेतल्या टेक्सासपर्यंत विखुरलेले आहेत. ते बघायला पूर्वी तिथे जावं लागायचं. आता बरेचसे घरबसल्या दिसतात.

टेक्सास म्हटलं ते उगाच नव्हे. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयात विल्यम जॉन्सनचा एक आल्बम आहे. जॉन्सन हा मुंबईच्या त्या सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत मुंबईतल्या नाना जातींच्या आणि धंद्यांच्या लोकांचे फोटो काढले. विद्यापीठाने हा आल्बम फ्लिकर कॉमन्सवर खुला केला आहे. फ्लिकर कॉमन्स म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी हक्काची अडचण नसलेले फोटो लोकांपुढे ठेवायची जागा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ मध्ये तिची सुरुवात केली. जॉन्सनचा आल्बम उघडा आणि निवांत बघा. दीडशे वर्षांपूर्वीची मुंबईची माणसं तुमच्याकडे रोखून बघत असतात.

पण इथेच थोडं थांबायला हवं. जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांचं पुस्तक काढलं. त्यातल्या कितीतरी फोटोंत माणसं स्टुडिओतली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला आहे, दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. आज आपण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने बोटं मोडतो, पण फोटो जोडण्याची कला फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. शिवाय ही माणसं आपल्या इच्छेने, आपल्याला हवी तशी उभी राहिली नव्हती. साहेबाला त्यांची जात, पोशाख आणि हत्यारं दाखवायची होती. खालची इंग्रजी फोटोओळही त्याच नजरेची आहे. म्हणून असा फोटो पाठवताना मूळ ओळ जशी आहे तशी सांगा, पण ती कोणी आणि कशासाठी लिहिली हेही एका वाक्यात सांगा. ‘आपले पूर्वज असे दिसायचे’ एवढंच लिहिणं म्हणजे साहेबाची नजर आपल्या नावावर पुढे ढकलणं.

अजिंठ्याच्या मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट मराठी माणसाला निराळ्या कारणाने माहीत आहे. पारो आणि गिल यांच्या प्रेमकथेवर लेख, कादंबऱ्या, चित्रपट झाले. गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं हाताने उतरवली. त्या नकलांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. एवढं आपण हळहळून सांगतो. पण गिल फोटोग्राफरही होता हे विसरतो. वेरूळ-अजिंठ्याची लेणी, वऱ्हाडातली देवळं, लोणारचा परिसर हे सगळं त्याने कॅमेऱ्यात पकडलं. दोन डोळ्यांनी बघायचे, खोली दाखवणारे जोडफोटो काढले. १८६४ मध्ये त्यांची पुस्तकं निघाली. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे. त्याचे फोटो ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. तुम्ही लोणार-मेहकरकडचे असाल तर आपल्या गावच्या देवळाचा सर्वात जुना फोटो बहुधा गिलच्याच हातचा निघेल. आजच्या देवळाशेजारी ठेवून बघा, कुठला खांब नंतर उभारला, कुठे सिमेंट फासलं, हे कोणत्याही अहवालापेक्षा स्वच्छ कळतं.

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद पडल्या. त्या काळात कामाला आल्या त्या इतरत्र ठेवलेल्या प्रती, विशेषतः विकिमीडिया कॉमन्सवरच्या. त्यातही ज्या प्रतींबरोबर मूळ नोंद उतरवलेली होती त्यांचाच उपयोग. नुसत्या ‘जुनी लेणी’ अशा नावाच्या फाइलने कोणाचंच भलं झालं नाही.

लंडनच्याच वेलकम कलेक्शनमध्ये १८९६-९७ च्या मुंबईच्या प्लेगचे फोटो आहेत. वैद्यकाच्या इतिहासाचा हा संग्रह मला सर्वात नीटनेटका वाटतो. प्रत्येक फोटोखाली तपशील आहे आणि वापराची अटही तिथेच लिहिलेली असते. पंपाने घरं धुऊन काढणारी पथकं, चटयांच्या भिंतींची तात्पुरती इस्पितळं, खाटेवरचे रोगी. प्लेगाविषयी आपण चापेकरांमुळे आणि रँडमुळे ऐकलेलं असतं. इथे ती साथ रस्त्यात दिसते. मात्र त्याच संग्रहात कराचीच्या प्लेगचे फोटोही आहेत. तेव्हा ‘पुण्यातला प्लेग’ असं ठोकून देण्याआधी खालची ओळ वाचा. मुंबई, पुणे आणि कराची ही तेव्हा एकाच इलाख्यातली शहरं, पण म्हणून गल्ल्या एक होत नाहीत.

आता रंगांबद्दल. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना यंत्राने रंग भरून ‘दुर्मिळ रंगीत फोटो’ म्हणून पाठवण्याची साथ आली आहे. आनंदीबाईंची साडी एका ठिकाणी जांभळी असते, दुसरीकडे हिरवी. मूळ फोटोत रंगच नाही, यंत्र अंदाजाने भरतं. रंगवायला कोणाची ना नाही, पण तसं सांगा आणि मूळही सोबत ठेवा. कारण खरे जुने रंगीत फोटो अस्तित्वात आहेत आणि या नकली रंगांत ते झाकोळून जातात. पॅरिसजवळच्या आल्बेर कान संग्रहालयात ऑटोक्रोम पद्धतीच्या सुमारे ७२,००० काचा आहेत. कान हा बँकवाला. जग बदलून जाण्याआधी त्याची रंगीत नोंद करून ठेवावी म्हणून त्याने १९०९ ते १९३१ या काळात देशोदेशी फोटोग्राफर धाडले. त्यांतला स्टेफान पासे १९१३-१४ मध्ये भारतात आला होता. ऑटोक्रोमचं तंत्र ल्युमिएर बंधूंचं, म्हणजे ज्यांच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला त्यांचंच. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे बारीक रंगवलेले कण पसरायचे आणि त्यांच्यातून प्रकाश गाळून घ्यायचा. त्यामुळे हे फोटो मोठे करून पाहिले की बारीक रंगीत दाणे दिसतात. रशियाचा प्रोकुदिन-गोर्स्की तीन रंगांच्या काचांतून एकामागून एक तीन फोटो घ्यायचा. त्याचा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतला आणि तो आता सगळ्यांना खुला आहे. त्याच्या चित्रांत वाहत्या पाण्याला आणि हललेल्या माणसाच्या कडेला लाल-निळ्या रेघा दिसतात, कारण तिन्ही फोटोंमध्ये थोडा वेळ गेलेला असतो. यंत्राने भरलेल्या रंगात ही गंमत नसते.

त्याच लायब्ररीत अमेरिकेच्या महामंदीच्या काळातले, सरकारी नोकरीतल्या फोटोग्राफरांनी काढलेले सुमारे पावणेदोन लाख काळे-पांढरे फोटो आहेत. सरकारी काम म्हणून त्यांवर कोणाचा हक्क नाही. डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला ‘स्थलांतरित आई’चा फोटो त्यांतलाच. जगभर तो छापला गेला. पण लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, आणि तेही ती स्वतः बोलली म्हणून. फोटोने तिला काही मिळवून दिलं नाही ही तिची तक्रार होती. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की आपणही रस्त्यावरच्या माणसाचा, शेतातल्या बाईचा, वारीतल्या म्हाताऱ्याचा फोटो काढतो आणि ‘निरागस हास्य’ लिहून सोडून देतो. विचारायला किती वेळ लागतो? आणि कोणी ‘नको’ म्हणालं तर नको.

शोधायची युक्ती एकच, पण ती न कळल्याने लोक रिकाम्या हाताने परततात. या परदेशी संग्रहांत आजची नावं आणि आजचं स्पेलिंग चालत नाही. पुण्यासाठी ‘पूना’, ठाण्यासाठी ‘टाना’, कोल्हापूरसाठी ‘कोलापूर’ असं इंग्रजीत टाकून बघा. सातारा लिहिताना ‘टी’ दोनदा घाला, नाशिकच्या शेवटी ‘सी’ आणि ‘के’ दोन्ही, अहमदनगरचा ‘नगर’ तर ‘नग्गर’ करा. गाव सापडलं नाही तर जवळचा किल्ला, घाट, नदी किंवा रेल्वेचं स्टेशन टाका. रेल्वेवाले आणि लष्करवाले फोटो फार काढायचे, भोर घाटातले पूल तुम्हाला हमखास मिळतील. एखादा फोटो आवडला की त्याच आल्बममधले पुढचे-मागचे उघडा. पंढरपूरच्या नोंदीत न सापडलेलं पंढरपूर शेजारच्या पानावर ‘नदीकाठचं देऊळ’ म्हणून बसलेलं असू शकतं.

आणि उलटा शोध. फोनवर आलेला फोटो गुगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर टाकला की तो आधी कुठे कुठे आला ते दिसतं. झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ म्हणून जे फिरतं ते असं तपासून बघा. शंभर पानांवर सापडेल, पण कुठल्या संग्रहाचा पत्ता काही मिळणार नाही. पत्ता नाही तिथे मी तरी हात आखडता घेते. १८३९ च्या आधी गेलेल्या माणसाचा फोटो तर कोणी दाखवलाच तर त्याला सरळ वर्ष सांगावं आणि विषय संपवावा.

हक्काचा प्रश्न लोकांना एक तर कळत नाही किंवा नको असतो. नेटवर दिसतो म्हणून फोटो फुकटचा होत नाही. १८६० च्या दशकातल्या फोटोवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही. पण अलीकडच्या फोटोंचं तसं नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘लाइफ’ मासिकाचा प्रचंड साठा गुगलने २००८ पासून लोकांना दाखवायला ठेवला आहे. तो मनसोक्त बघावा, पण आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घालायचा असेल तर परवानगी लागते. प्रत्येक चांगल्या संग्रहात फोटोखाली वापराची अट लिहिलेली असते. ‘बंधन माहीत नाही’, ‘नाव देऊन वापरा’, ‘व्यापारासाठी नको’ अशा तीन-चारच तऱ्हा असतात. एकदा वाचल्या की पाठ होतात.

नाव देणं ही तर हक्क संपल्यावरही पाळायची गोष्ट. होमाई व्यारावाला आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ मध्ये नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जात ते नवऱ्याच्या नावाने, कारण बाईचं नाव कोणाला ओळखीचं नव्हतं. त्यांचं काम आज दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. ही संस्था उभी करणारे नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी पुण्याचेच. नेहरूंचे होमाईबाईंनी काढलेले फोटो आज शेकडो पानांवर त्यांच्या नावाविना फिरतात. तेव्हा छापखान्याने जे केलं तेच आता आपण करतो आहोत. यात कोणाचा दुष्टपणा नाही, निव्वळ आळस आहे. आळसाला मात्र क्षमा करू नये.

हौसेने चालणाऱ्या ‘जुनं पुणं’, ‘जुनी मुंबई’ छापाच्या पानांनी खूप लोकांना या छंदाला लावलं, हे मान्य. पण त्यांतली काही मंडळी दुसऱ्याच्या संग्रहातल्या फोटोवर स्वतःचा शिक्का मारतात, तो पार मधोमध. आपण कष्टाने शोधलं म्हणून आपला शिक्का, हा युक्तिवाद मला पटत नाही. शोधल्याचं श्रेय हवं तर फोटोओळीच्या शेवटी आपलं नाव लिहावं, कोण अडवतं?

पाठवण्याची रीतही सांगायला हवी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाइलच्या पोटातली माहिती पुसली जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर आहे तसा जातो. त्याहून बरं म्हणजे संग्रहाच्या पानाची लिंक पाठवा आणि तिच्या वर आपल्या मराठीत दोन ओळी लिहा. उतरवून घेताना फाइलचं नाव बदलून ‘लोणार, गिल, १८६० चं दशक, ब्रिटिश लायब्ररी’ असं करून ठेवा आणि संग्रहाचा क्रमांकही त्यात घाला. संग्रहालयाची साइट बदलते, लिंक मरते, क्रमांक मात्र टिकतो.

राहिला आपल्या घरातला साठा, आणि माझा खरा आग्रह त्यासाठी आहे. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. लोकांनी आपल्या घरचे जुने फोटो द्यायचे आणि त्यांची गोष्ट लिहायची. तो चाळून बघा. एका साध्या लग्नाच्या फोटोतून फाळणी, नोकरीसाठीची स्थलांतरं, शिवणयंत्र, सायकल, सासूने दिलेली परवानगी असं काय काय बाहेर येतं ते दिसेल. तसं आपल्या ट्रंकेतही आहे. गिरणगावातल्या चाळीच्या गच्चीवरचे फोटो, साखर कारखान्याच्या पहिल्या गळिताचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, पानशेतच्या पुरानंतरचे. मोठ्या संग्रहात ते नाहीत, कारण साहेब तिथे नव्हता आणि वृत्तपत्राचा फोटोग्राफरही नव्हता.

ते नीट स्कॅन करा. सपाट काचेचा स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर. नाही तर खिडकीच्या उजेडात, थेट ऊन टाळून, फ्लॅश न मारता फोनने सरळ वरून. चिकट पानांच्या आल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकट स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी मामाच्या अक्षरात तारीख असते. निगेटिव्ह फेकू नका. आणि मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं.

लिहायचं काय? नावं. घरात जी एक आजी, आत्या किंवा थोरले काका आहेत त्यांच्यापुढे आल्बम ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि डावीकडून उजवीकडे विचारत जा. ‘ही कोण?’ म्हटलं की नावच नाही, तिच्या लग्नात काय बिनसलं इथपर्यंत सगळं कळतं. ते सगळं बाहेर टाकू नका. घरचा आल्बम नेटवर टाकण्याआधी त्यातल्या हयात माणसांना विचारा, लहान मुलांचे फोटो वगळा. एखाद्या वहिनीला आपला पहिल्या लग्नातला फोटो जगाने बघावा असं वाटत नसेल, तर तो विषय तिथेच संपतो.

घरच्या फोटोंच्या हक्काबद्दल एक दिलासा. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ज्याने पैसे देऊन काढवून घेतला त्याचा, असं आपला कायदा सांगतो. म्हणजे आजोबांच्या लग्नाचा फोटो बहुधा तुमच्या घरचाच. उलट, शेजाऱ्यांच्या आल्बममधला फोटो तुम्ही स्कॅन केलात म्हणून तो तुमचा होत नाही.

एवढं केलंत की पुढची पायरी सोपी आहे. विकिमीडिया कॉमन्स हे २००४ पासून चालू असलेलं खुलं भांडार, त्यात आज दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. आपल्या हक्काचा किंवा हक्क संपलेला फोटो तिथे चढवता येतो. ज्यांना चढवायचं नाही त्यांनाही काम आहे. तिथल्या प्रत्येक फोटोला कुठल्याही भाषेत फोटोओळ जोडता येते. रायगड, कार्ले, माथेरान, जेजुरी, मुंबईचं जुनं बंदर यांचे किती तरी फोटो तिथे नुसत्या इंग्रजी, कधी जर्मन किंवा फ्रेंच ओळीवर पडून आहेत. तुमच्या तालुक्याचं नाव टाका, एक फोटो उघडा, त्यातला पार कुठला आणि देऊळ कोणतं हे तुम्हालाच ठाऊक असणार, ते मराठीत लिहा आणि जतन करा. मग तो फोटो गावच्या ग्रुपवर खुशाल टाका, लिंकसकट.